ब्रह्मकमळाचं नुसतं पान नको, रुजलेलं रोप द्या

यंदा आमच्या गॅलरीत एका रात्रीत सात ब्रह्मकमळं फुलली आणि बिल्डिंगमधली निम्मी माणसं बघायला आली, जाताना प्रत्येकाचं एकच म्हणणं, "आम्हाला पण एक पान द्या ना". तर ते पान तोडून हातात ठेवण्यापेक्षा नीट रोप करून कसं द्यायचं ते सांगते.

आधी हे झाड काय आहे ते समजून घ्या. खरं ब्रह्मकमळ हिमालयात होतं, आपल्या कुंडीतलं मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचं, निवडुंगाच्या कुळातलं. आपण ज्याला पान म्हणतो ते खरं तर चपटं खोड, म्हणून मातीत खोचलं की रुजतं आणि पाणी जास्त झालं की कुजतं.

फुलं होऊन गेली, पाऊस ओसरला की सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पानं काढा. जाड, गडद हिरवं, जून पान निवडा, कोवळं लुसलुशीत नको. कात्री सॅनिटायझरने पुसून वीतभर तुकडा कापा. पानाच्या कडेला खाचा असतात बघा, फुटवे आणि कळ्या तिथूनच येतात, त्यामुळे तुकड्यावर तीन-चार खाचा तरी हव्यात. आणि खालच्या टोकाला तिरका काप द्या, नाहीतर चार तुकडे एकत्र ठेवले की वरची बाजू कुठली तेच कळत नाही आणि उलटं लावलं जातं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, तुकडे लगेच लावायचे नाहीत! सावलीत पेपरवर चार-पाच दिवस पडू द्या. कापलेली जागा पांढुरकी होते, बोट फिरवलं की कोरडी, खरखरीत लागते, तेव्हा लावायचे. मी पूर्वी एका मैत्रिणीला ताजं पान प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दिलं होतं, तिने त्याच दिवशी लावून भरपूर पाणी घातलं, आठवड्यात बुडापासून काळं पडलं आणि तिला वाटलं आपल्याकडे हे झाड जगतच नाही. मला फार वाईट वाटलं, कारण चूक माझी होती, मी काही सांगितलंच नव्हतं.

दह्याच्या रिकाम्या डब्याला खाली भोकं पाडा, माती, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि जाडी वाळू सारख्या प्रमाणात घ्या, तुकडा दोन बोटं खोल खोचा. पहिले दोन-तीन दिवस पाणी नको, नंतर वरची माती सुकली की थोडंसं. सकाळचं कोवळं ऊन पुरे. महिनाभरात हलकं ओढून बघा, पान घट्ट बसलं असेल तर मुळं धरली. खाचेतून लालसर कोंब डोकावला की रोप द्यायला तयार.

देण्याआधी खाचांमध्ये कापसासारखा मिलीबग नाही ना ते बघा, रोपाबरोबर कीड जायला नको. आणि डब्याला चिठ्ठी चिकटवा: पाणी बेताचं, दुपारचं कडक ऊन नको, फुलं यायला दोन-तीन वर्षं लागतात, कळ्या आल्यावर कुंडी हलवायची नाही, कळ्या गळतात. तोंडी सांगितलेलं कोणाच्या लक्षात राहत नाही हो.

कळी कशी ओळखायची तेही सांगा. आधी ती खाली लोंबते, मग देठाला बाक येऊन मान वर उचलते, फुगते, आणि ज्या रात्री फुलणार त्या संध्याकाळी टोक सैल झालेलं दिसतं. तेव्हाच ग्रुपवर मेसेज टाकायचा. नऊच्या सुमारास उमलायला लागतं, बारापर्यंत पूर्ण फुलतं, सकाळी मान टाकलेली असते, म्हणून "उद्या येते" म्हणणाऱ्यांना आग्रह करून आजच बोलवा.

त्या मैत्रिणीला मी नंतर रुजलेलं रोप नेऊन दिलं. तिसऱ्या वर्षी ऑगस्टमध्ये रात्री दहाला तिचा फोन आला, "आलंय गं, लगेच ये", आणि आम्ही दोघी एकाच फुलासमोर खुर्च्या टाकून साडेबारापर्यंत बसलो होतो, घरभर वास सुटला होता.