भंगारातल्या इंजिनावर हात बसवताय? या चुका टाळा

इंजिनचं काम शिकायचं असेल तर भंगारातलं हिरो होंडाचं इंजिन घ्या, असं मी विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. सीडी १०० काय, स्प्लेंडर काय, आत तेच ९७.२ सीसी, ५० मिमी बोअर (सिलिंडरच्या भोकाचा व्यास), एकच सिलिंडर. पार्ट कुठेही मिळतात आणि काही बिघडलं तरी रोजची गाडी अडकून पडत नाही.

घेताना जाम झालेलं चालेल, केसिंग (इंजिनचं बाहेरचं कवच) फुटलेलं नको. इंजिन नंबर खरवडलेला दिसला तर पुण्याच्या जुन्या बाजारात कितीही स्वस्त मिळो, हात लावू नका. पावती घ्याच. पुढे तेच इंजिन गाडीला चढवायचं ठरलं तर आधी आरटीओत नोंद करा.

उघडल्या उघडल्या धुणं

ही मला सर्वांत मोठी चूक वाटते. बाहेरची माती खुशाल धुवा, पण हेड (सिलिंडरवरचं झाकण) निघालं की रॉकेलचा ब्रश बाजूला ठेवा. इंजिन कशाने मेलं ते त्या घाणीतच दिसतं. पिस्टनच्या डोक्यावर ओली, तेलकट काजळी असेल तर तेल वर चढत होतं, म्हणजे पिस्टनवरची रिंग किंवा व्हॉल्व सील गेलेलं. काजळी कोरडी, बोटाला लागणारी असेल तर पेट्रोल जास्त जात होतं. पिस्टनच्या अंगावर उभे ओरखडे दिसले तर बहुतेक तेल कमी पडलं. उजव्या कव्हरखाली क्रँकवर (पिस्टन फिरवतो त्या मुख्य दांड्यावर) फिरणारा ऑइल फिल्टर असतो, त्याचं झाकणही काढून बघा. आतला गाळ कागदावर पसरून उन्हात धरा. चकाकणारे कण दिसले तर कुठलं बेरिंग झिजलंय ते शोधावं लागेल. फोटो काढा, मगच धुवा.

हातोडा आणि साधा स्क्रूड्रायव्हर

कव्हरचे स्क्रू साध्या ड्रायव्हरने सोडवायला गेलात की डोकी गोल होतात. इम्पॅक्ट ड्रायव्हर (हातोडा मारला की जोरात फिरणारा) घ्या. मॅग्नेट (क्रँकच्या टोकावरचं चुंबकी चाक) निघत नाही म्हणून ठोकू नका, त्याचा पुलर (ओढून काढायचं अवजार) फार महाग नसतो.

क्रँककेसचं तोंड उघडं ठेवणं

माझ्या पहिल्या इंजिनात गजन पिनचं (पिस्टन दांड्याला जोडणाऱ्या पिनेचं) तारेचं लॉक पक्कडीतून सुटलं. ‘टिंग’ असा बारीक आवाज आला आणि लॉक थेट क्रँककेसमध्ये. त्या एका तारेपायी अख्खं केसिंग उघडावं लागलं. तेव्हापासून ब्लॉक (सिलिंडर) निघाला की पहिलं काम म्हणजे तोंडात स्वच्छ फडकं कोंबणं. आणि काढलेलं लॉक परत वापरू नका, नवीनच घाला.

‘टी’ खूण दिसली की टॅपेट लावणं

टॅपेट लावणं म्हणजे व्हॉल्व आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली फट ठरवणं, आणि ‘टी’ म्हणजे पिस्टन सर्वांत वर आल्याची मॅग्नेटवरची खूण. इथे बहुतेक नवशिके फसतात. फोर स्ट्रोक इंजिनात ‘टी’ची खूण प्रत्येक फेऱ्याला समोर येते, पण दोन्ही व्हॉल्व बंद असतात ते एकाआड एक फेऱ्यालाच. दोन्ही रॉकर बोटाने हलवून बघा. किंचित खुळखुळले तर जागा बरोबर. एखादा घट्ट असेल तर मॅग्नेट आणखी एक पूर्ण फेरा फिरवा आणि मगच इंजिन थंड असताना ०.०५ मिमीचं फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) लावा. चुकीच्या फेऱ्याला लावलेलं टॅपेट नंतर एक तर खडखडतं, नाहीतर व्हॉल्व नीट बंदच होऊ देत नाही.

परत जोडताना रिंगांवरची अक्षरं वर, रिंगांच्या फटी एकमेकांपासून लांब, पिस्टनवरचं ‘इन’ कार्ब्युरेटरच्या बाजूला. पॅकिंग नवीन.

जोडलं, पण दाबच नाही

किक हलकी लागली, म्हणजे सिलिंडरमध्ये दाब बनत नसला, तरी लगेच सगळं उघडू नका. प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि किक परत हाताने दाबून बघा. दाब वाढला तर रिंग किंवा बोअरचा दोष. फरक पडला नाही तर आधी टॅपेट तपासा. ते ठीक असेल तर हेड काढून पोर्टचं (हवा किंवा धूर जायच्या भोकाचं) तोंड वर येईल असं धरा, त्यात रॉकेल ओता आणि व्हॉल्वच्या कडेने पाझरतंय का बघा. पाझरलं तर व्हॉल्व घासायची पेस्ट आणा. बोअर मात्र डोळ्यांनी ठरवू नका, लेथवाल्याकडून मोजून घ्या.

माझं ते पहिलं इंजिन अजून फळीवर बोल्ट करून ठेवलंय. नवीन मुलगा शिकायला आला की त्याच्यासमोर तेच ठेवतो आणि आधी फडकं हातात देतो.