नोट्सचं ॲप निवडताना: टाकलेलं परत मिळतंय का ते आधी तपासा

नोट्ससाठी कुठलं ॲप चांगलं असं कुणी विचारलं की लोक लगेच नावं सांगायला लागतात, कीप घे, नोशन घे, ऑब्सिडियनला तोड नाही वगैरे. माझ्या मते नाव सगळ्यात शेवटी यायला हवं. आधी एकच प्रश्न विचारायचा, की यात मी जे टाकेन ते मला हवं तेव्हा परत मिळेल का? रोजच्या धावपळीत ते पटकन सापडलं पाहिजे, आणि उद्या ॲप सोडायची वेळ आली तर सगळं सोबत घेऊन निघताही आलं पाहिजे. थीम, रंग, इमोजी, एआय हे सगळं त्यानंतर.

ॲप सोडायची वेळ खरंच येते. गुगल नोटबुक २००६ मध्ये आलं आणि २०१२ मध्ये बंद झालं. स्प्रिंगपॅड नावाचं बऱ्यापैकी लोकप्रिय ॲप २०१४ मध्ये बंद झालं. एव्हरनोट बंद नाही पडलं पण मालक बदलले, आणि डिसेंबर २०२३ पासून त्याच्या फुकट प्लॅनमध्ये फक्त ५० नोट्स आणि एकच नोटबुक असा नियम आला. ज्यांच्या आधीच त्याहून जास्त नोट्स होत्या त्यांना जुन्या वाचता येत होत्या, एक्सपोर्ट करता (म्हणजे फाइल म्हणून बाहेर काढता) येत होत्या, पण नवीन नोट काही बनवता येईना. म्हणजे ॲप कितीही मोठं असो, नियम बदलू शकतात हे धरूनच चालायचं.

पायरी १: आधी स्वतःच्या नोट्स बघा

आठवडाभर फक्त लक्ष ठेवा की तुम्ही नक्की काय लिहून ठेवता. बहुतेकांचं असं असतं की कामांच्या याद्या, कुणाचा तरी पत्ता, मीटिंगमधले मुद्दे, स्क्रीनशॉट, वाचलेल्या लेखाची लिंक आणि स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवलेले दहा मेसेज. अभ्यास किंवा संशोधन करणारा असेल तर लांब टिपणं, पीडीएफ, संदर्भ हे सगळं वर.

यातूनच पंचवीस-तीस नोट्सचा एक टेस्टिंगचा गठ्ठा तयार करा. त्यात एक खूप लांब नोट हवी, एक चेकलिस्ट, एक टेबल, दोन-तीन फोटो, एक पीडीएफ, हाताने लिहिलेल्या पानाचा फोटो, आणि मराठी-इंग्रजी मिसळून लिहिलेली एखादी नोट हवीच. प्रत्येक ॲपमध्ये हाच गठ्ठा टाकायचा. रिकाम्या ॲपमध्ये सगळंच छान दिसतं, खरं काय ते तुमचा माल आत गेल्यावर कळतं.

पायरी २: बाहेर पडायचा रस्ता पहिल्याच दिवशी तपासा

ही पायरी लोक हमखास गाळतात आणि मला हीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. गठ्ठा टाकून झाला की लगेच सेटिंगमध्ये जाऊन सगळं एक्सपोर्ट करा, बाहेर आलेलं फोल्डर उघडा आणि नोटामागून नोट बघा. फोटो आले का? टेबल टेबलासारखं राहिलं का? चेकलिस्टमधलं काय पूर्ण झालंय आणि काय बाकी आहे ते कळतंय का? नोट बनवल्याची तारीख टिकली का? टॅग आले का?

प्रत्येकाची तऱ्हा वेगळी आहे. गुगल कीपमधून बाहेर पडायचं तर गुगल टेकआउटमधून (गुगलवरचा आपला डेटा डाउनलोड करायची सोय) जावं लागतं, तिथे प्रत्येक नोटेची एक एचटीएमएल (ब्राउजरमध्ये उघडणारी) आणि एक जेसन (प्रोग्रामना वाचायला सोपी) फाइल मिळते, वाचायला ठीक पण दुसऱ्या ॲपमध्ये टाकायला थोडी खटपट. नोशन मार्कडाउन (साध्या चिन्हांनी लिहिलेली टेक्स्ट फाइल) आणि सीएसव्ही (तक्त्याची साधी फाइल) देतं, पण फाइलच्या नावांना मागे अक्षर-आकड्यांचं लांबलचक शेपूट लागलेलं असतं आणि डेटाबेसचा सपाट तक्ता होतो. एव्हरनोटची स्वतःची एनेक्स नावाची फाइल असते, तिचा फायदा हा की जॉप्लिनसारखी ॲप्स ती सरळ आत घेतात. वननोटची आख्खी नोटबुक विंडोजवरच्या डेस्कटॉप ॲपमधून एकदम बाहेर काढता येते. ऑब्सिडियनमध्ये हा प्रश्नच वेगळा आहे, कारण नोट्स मुळातच तुमच्या डिस्कवर साध्या टेक्स्ट फाइल म्हणून पडलेल्या असतात, ॲप काढून टाकलं तरी नोटपॅडमध्ये उघडतात.

एक्सपोर्टमध्ये फक्त एक मोठी पीडीएफ हातात येत असेल तर मी ते ॲप दीर्घकाळासाठी निवडणार नाही. पीडीएफ वाचायला बरी, पण त्यातून परत नोट्स तयार करायला बसलं की जीव जातो. शिवाय पीडीएफमध्ये मराठी जोडाक्षरं नीट आलीत का तेही बघा, काही ॲप्समधून ती फुटलेली येतात.

पायरी ३: लिहायला किती वेळ लागतो

फोन लॉक आहे, कुणीतरी नंबर सांगतंय, तिथून नोट सेव्ह होईपर्यंत किती टॅप लागतात ते मोजा. विजेट आहे का, ब्राउजरमधून शेअर केल्यावर लिंक सरळ नोटेत पडते का, बोलून टाइप करता येतं का. साध्या वापरासाठी कीप किंवा ॲपल नोट्स इथे फार सोयीची आहेत, उघडलं आणि लिहिलं. ज्या ॲपमध्ये आधी कुठल्या फोल्डरमध्ये, कुठल्या टेम्प्लेटमध्ये हे ठरवावं लागतं तिथे माणूस कंटाळून परत स्वतःलाच मेसेज पाठवायला लागतो.

पायरी ४: सर्च, आणि तोही मराठीत

बहुतेक रिव्ह्यू इंग्रजी नोट्सवर केलेले असतात त्यामुळे मराठीत लिहिणाऱ्याला हे स्वतःच तपासावं लागतं, आणि इथे बरंच काही दडलेलं आहे.

पहिली टेस्ट अशी. एका नोटेत "पाण्याची टाकी" असं लिहा आणि मग "पाणी" शोधा. सापडणार नाही, कारण आपल्याकडे प्रत्यय लागला की शब्दाचं रूपच बदलतं आणि बहुतेक ॲप्सना हे कळत नाही. मग "पाण" एवढंच टाकून बघा. काही ॲप्स शब्दाच्या सुरुवातीवरून शोधतात, काही मधल्या अक्षरांवरूनही शोधतात, काहींना अख्खा शब्दच लागतो. मराठीसाठी अर्ध्या शब्दावरून शोधणारं ॲप हवं.

दुसरी टेस्ट जरा बारीक आहे. "दुसऱ्या" हा शब्द दोन पद्धतीने टाइप होतो, काही कीबोर्ड त्यातला र नुक्त्याचा (खाली टिंब असलेला) वापरतात आणि काही साधा र घेऊन त्याला न दिसणारं जोडचिन्ह लावतात, म्हणजे दुसऱ्या आणि दुसर्‍या. डोळ्याला दोन्ही सारखेच पण कंप्युटरसाठी ते दोन वेगळे शब्द आहेत. फोनवर एका कीबोर्डने लिहिलं आणि लॅपटॉपवर दुसऱ्याने शोधलं तर नोट समोर असूनही सापडत नाही. दोन्ही डिव्हाइसवर हा शब्द टाइप करून उलटसुलट शोधून बघा. ॲपला जमत नसेल तर अशा शब्दाचा पहिला भागच शोधायची सवय ठेवा, "दुस" वगैरे.

तुम्ही कधी देवनागरी आणि कधी रोमन लिपीत मराठी लिहीत असाल तर एकच काहीतरी ठरवा, निदान नोटेच्या शीर्षकासाठी तरी. उद्या हे दोन लिपींमध्ये शोधत बसायला नको.

मग फोटोतला मजकूर. छापील पानाचा फोटो टाकून त्यातला एखादा शब्द शोधा, आधी इंग्रजी पानाचा, मग मराठी पानाचा, आणि शेवटी हस्ताक्षराचा. तिन्हींचा निकाल वेगवेगळा येऊ शकतो त्यामुळे जाहिरातीत "फोटोतलं शोधता येतं" असं लिहिलंय म्हणून गृहीत धरू नका.

पायरी ५: नेट बंद करून बघा

फोन एअरप्लेन मोडवर टाका, ॲप पूर्ण बंद करून परत उघडा. जुन्या नोट्स दिसतात का? नवीन लिहिता येते का? नोशनमध्ये कित्येक वर्षं धड ऑफलाइन सोय नव्हती, ती २०२५ मध्ये आली.

आता खरी परीक्षा. फोन आणि लॅपटॉप दोन्हींचं नेट बंद करा, तीच नोट दोन्हीकडे उघडा, दोन्हीकडे वेगवेगळं वाक्य लिहा, मग नेट चालू करा आणि काय होतं ते बघा. चांगलं ॲप एकतर दोन्ही वाक्यं ठेवतं नाहीतर दोन प्रती बनवून तुम्हाला सांगतं, जॉप्लिन अशा नोट्स वेगळ्या कॉन्फ्लिक्ट नोटबुकमध्ये टाकतं. एक वाक्य गुपचूप गायब झालं तर ते ॲप तिथेच बाद. बाकी कितीही आवडलेलं असलं तरी बाद.

पायरी ६: तुमच्या नोट्स कोण वाचू शकतं

डिसेंबर २०१६ मध्ये एव्हरनोटने नवीन प्रायव्हसी पॉलिसी जाहीर केली होती, मशीन लर्निंग सुधारण्यासाठी काही कर्मचारी लोकांच्या नोट्स बघू शकतील अशी. युजर्स इतके चिडले की कंपनीला काही दिवसांतच ती मागे घ्यावी लागली. मुद्दा हा की सर्व्हरवर नोटा कंपनीला उघडता येतील अशा पडलेल्या असतील तर त्या कधी, कशासाठी वाचल्या जातील हे पॉलिसीवर अवलंबून राहतं.

म्हणून एंड-टू-एंड एन्क्रिप्शन (नोट्स तुमच्याच डिव्हाइसवर कुलूपबंद होतात, कंपनीलाही वाचता येत नाहीत) आहे का ते विचारा, आणि असलं तर आपोआप चालू असतं की आपल्याला करावं लागतं तेही. स्टँडर्ड नोट्समध्ये ते पहिल्यापासून असतं, जॉप्लिनमध्ये स्वतः चालू करावं लागतं, कीप आणि नोशनमध्ये नाही. याची दुसरी बाजूही लक्षात ठेवा, या एन्क्रिप्शनचा पासवर्ड विसरलात तर कंपनीही काही करू शकत नाही, नोट्स गेल्या त्या गेल्या. आणि बँकेचे पासवर्ड, पिन कुठल्याच नोट्सच्या ॲपमध्ये ठेवू नका, त्यासाठी पासवर्ड मॅनेजर असतात.

पायरी ७: ॲडव्हान्स्ड वापर असेल तरच

याद्या आणि आठवणीच लिहायच्या असतील तर ही पायरी सोडून द्या, खरंच. गरज नसताना अवघड ॲप घेतलं की नोट्स कमी आणि सेटिंग जास्त होतं.

पण ज्यांना वर्षानुवर्षं टिपणं साठवून त्यातून लेख, प्रबंध, कोड काहीतरी घडवायचंय त्यांच्यासाठी एका नोटेतून दुसरीकडे जाणाऱ्या लिंक हा जीव आहे. जर्मन समाजशास्त्रज्ञ निक्लास लुहमान यांनी कागदाच्या सुमारे ९०,००० चिठ्ठ्या एकमेकींना क्रमांकांनी जोडून ठेवल्या होत्या, आजची लिंकवाली ॲप्स बरीचशी त्याच कल्पनेवर उभी आहेत. तपासायचं असं: तीन नोट्समधून एका नोटेला लिंक द्या, मग त्या नोटेचं नाव बदला. तिन्ही लिंक आपोआप सुधारल्या पाहिजेत. आणि त्या नोटेत उभं राहून "इथे कोण कोण आलंय", म्हणजे कुठल्या नोट्समधून तिला लिंक दिलीय, हे मागे वळून दिसलं पाहिजे.

मार्कडाउन वापरत असाल, म्हणजे जॉन ग्रुबर यांनी २००४ मध्ये काढलेली ती साध्या चिन्हांची पद्धत, तर एक मराठी अडचण माहीत असू द्या, की यादी "१." अशी देवनागरी आकड्याने सुरू केली तर ती यादी म्हणून ओळखली जात नाही, आकडा इंग्रजीच लागतो.

प्लगइन (ॲपला वरून जोडायच्या जादा सोयी) भरपूर आहेत म्हणून भुलू नका. ती बाहेरच्या लोकांनी लिहिलेली असतात, कधीही सोडून दिली जातात, आणि तुमच्या फाइलपर्यंत पोचतात. सगळी प्लगइन बंद करा आणि नोट्स वाचून बघा. नुसती चिन्हं आणि कोड दिसत असेल तर तुमच्या नोट्स ॲपवर नाही तर त्या प्लगइनवर अवलंबून आहेत.

निवड करताना

शेवटी एकाच ॲपमध्ये सगळं बसलं पाहिजे असा हट्ट नको. पटकन लिहायला एक साधं आणि जपून ठेवायचं त्यासाठी दुसरं, अशी जोडी बऱ्याच लोकांना जमते, फक्त आठवड्यातून एकदा पहिल्यातलं दुसऱ्यात हलवायचं. पैसे भरायचे असतील तर आधी महिन्याचा प्लॅन घ्या, वर्षाचा नंतर.

जुन्या ॲपमधून हलताना सगळं एकदम ओढू नका. गेल्या काही महिन्यांच्या नोट्स आधी आणा, त्यावर काम करून बघा, मग बाकीच्या. जुनं अकाउंट लगेच डिलीट करू नका, त्यातून इतरांना शेअर केलेल्या लिंक असतील तर त्यांना नवीन लिंक पाठवा, नोटांची संख्या दोन्हीकडे जुळते का बघा, एक्सपोर्टची एक प्रत हार्ड डिस्कवर ठेवा, आणि ती प्रत दुसऱ्या कंप्युटरवर खरंच उघडते हे बघितल्यावरच डिलीटचं बटण दाबा.