ब्रिटनमध्ये गाडीचा हप्ता झेपेना? परत करताना या चुका टाळा

हप्ता डोईजड झाला की आधी मनात येतं, चावी देऊन टाकू आणि मोकळे होऊ. ब्रिटनमध्ये हायर पर्चेसवर (कर्ज फिटेपर्यंत गाडी फायनान्स कंपनीच्या मालकीची) किंवा पीसीपीवर (तसाच करार, पण शेवटी एक मोठी रक्कम) गाडी घेतली असेल तर चावी देण्याआधी एका शब्दाकडे नीट बघा. व्हॉलंटरी टर्मिनेशन हा १९७४ च्या कन्झ्युमर क्रेडिट ॲक्टने दिलेला हक्क आहे. एकूण देय रकमेच्या निम्मे पैसे भरले आणि गाडी नीट राखली की पुढचे हप्ते सुटतात. व्हॉलंटरी सरेंडर म्हणजे नुसती गाडी सोडून देणं. ती बहुधा लिलावात विकली जाते, आलेले पैसे वजा होतात आणि उरलेलं कर्ज तुमच्याच डोक्यावर राहतं. म्हणून फोनवर कुणी 'सरेंडर' म्हणालं तर तोंडी होकार देऊ नका, आणि तो शब्द असलेल्या कागदावर सही तर मुळीच नको.

निम्म्याच्या हिशेबात भलेभले फसतात. चार वर्षांचा करार आहे, दोन वर्षं झाली, म्हणजे निम्मं झालं, असं नसतं. समजा २,००० पौंड डिपॉझिट, दरमहा २५० चे ४८ हप्ते आणि शेवटचा बलून, म्हणजे गाडी कायमची ठेवायची तर द्यायची एकरकमी रक्कम, ४,००० पौंड. एकूण झाले १८,०००, निम्मे ९,०००. दोन वर्षांनी तुमचे भरून झालेले असतात ८,०००. बलूनही एकूण रकमेत धरतात, त्यामुळे पीसीपीत निम्मा टप्पा उशिरा येतो. तोवर थांबायलाच हवं असं मात्र नाही. वरचे हजार पौंड भरून आजही करार संपवता येतो. आधीचे हप्ते थकले असतील तर ते वेगळे द्यावे लागतात. उलट निम्म्याहून जास्त भरलं असेल, तर जास्तीचे पैसे परत मिळत नाहीत.

सगळ्यात महागात पडतं ते गप्प बसणं. डायरेक्ट डेबिट बंद करायचं, पत्रं न उघडता ड्रॉवरमध्ये टाकायची, आणि मग एक दिवस फायनान्स कंपनीच करार रद्द करते. तसं झालं की टर्मिनेशनचा हक्क गेला. तुमची सूचना त्याआधी पोचली पाहिजे, आणि ती लेखीच हवी. पत्र लांबलचक नको: करार क्रमांक, आणि 'कलम ९९ नुसार मी हा करार संपवत आहे' एवढं स्पष्ट वाक्य. प्रत जपून ठेवा.

इंग्लंड-वेल्समध्ये एक तृतीयांश रक्कम भरून झाली असेल तर कोर्टाच्या आदेशाशिवाय गाडी उचलून नेता येत नाही. पण तुम्ही स्वतःहून संमती दिलीत तर हे संरक्षण उरत नाही. दारात आलेल्या माणसाला घाबरून चावी देणारे हेच विसरतात.

गाडी परस्पर विकायचा विचारही नको. कर्ज फिटेपर्यंत ती तुमच्या मालकीची नाही. विकून जास्त पैसे येतील असं वाटत असेल तर आधी कंपनीकडून सेटलमेंट फिगर, म्हणजे कर्ज पूर्ण फेडायला लागणारा आकडा, मागवा आणि ती चुकती करा. साध्या पर्सनल लोनवर किंवा लीजवर घेतलेल्या गाडीला मात्र टर्मिनेशनचा हा हक्क लागू नाही, तेव्हा करारावरचं नाव आधी वाचा.

गाडी न्यायला येतील त्या दिवशी चारही बाजू, सीट, टायर आणि किलोमीटर नव्हे, माइलचा आकडा, सगळ्याचे उजेडात फोटो काढा. झिजेपलीकडच्या नुकसानीचं बिल नंतर येऊ शकतं आणि तेव्हा हेच फोटो कामी येतात. आकडे जुळेनात तर स्टेपचेंज किंवा नॅशनल डेटलाइन या कर्जाबाबत सल्ला देणाऱ्या संस्थांना फोन करा, सल्ल्याचे पैसे पडत नाहीत.