सर्व्हेवाल्या ताई दारात आल्या तर काय सांगायचं

कोल्हापुरात शिवाजी पेठेत काकूंकडं बसलो होतो तेव्हा आरोग्याच्या सर्व्हेच्या ताई आल्या. तंबाखू घेता का विचारलं तर काकू म्हणल्या, "छे ओ, आमच्यात कोण तंबाखूला हात लावत नाही." आणि मोरीच्या कट्ट्यावर मिश्रीची डबी उघडीच, बोट अजून काळं. खोटं बोलत नव्हत्या त्या, त्यांच्या लेखी मिश्री म्हणजे दात घासायचं. पण मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच की ओ, ती सांगायचीच. २०१६-१७ च्या देशभरातल्या तंबाखू सर्व्हेत बिनधुराची तंबाखू घेणारी मोठी माणसं २१.४ टक्के निघाली, आणि असा आकडा बनतो तो आपल्या दारात दिलेल्या उत्तरांवरच.

व्यायाम विचारला की लोक लगेच "कुठला व्यायाम" म्हणून मोकळे होतात, तसं करू नका. रंकाळ्याला फेरी मारणं तर धराच, पण ऊसतोडणी, भांगलण, सायकलवरनं कामाला जाणं हे सगळं त्यात येतं, आठवड्यातनं किती दिवस आणि दिवसाला किती वेळ ते आठवून सांगा. दारूचंही तसंच, ज्या काळातलं विचारतील त्या काळातलं आठवून सांगायचं. सासूसमोर बोलायला अवघड वाटत असेल तर "ताई, जरा आत बसून बोलूया" म्हणा, त्या काय नाही म्हणणार नाहीत.

बीपी मोजायच्या आधी अर्धा तास चहा, तंबाखू, बिडी काही नको. पाच मिनिटं गप बसा, पाठ टेकून, पाय जमिनीवर सरळ, हात छातीच्या उंचीला टेकवून, आणि मोजताना बोलू नका. तीनदा का मोजतात म्हणून वैतागू नका, पहिल्यांदा घाबरून आकडा चढतो, म्हणून बऱ्याचदा नंतरच्या दोन आकड्यांची सरासरी धरतात. १४०/९० किंवा त्याच्या वर आलं तर सर्व्हे झाला म्हणून सोडून देऊ नका, सरकारी दवाखान्यात जाऊन परत मोजून घ्या. कंबर मोजताना पोट आत ओढायचं नाही, साडीच्या निऱ्यांवरनं टेप लावू देऊ नका.

आणि घरातल्या एकाचंच नाव निघालं, तो कामावर गेलाय, तर "मी बसतो की त्याच्या जागी" असं अजिबात नको. नाव चिठ्ठी काढल्यासारखं निघतं, दिवसा घरात असणारेच बसत गेले तर गिरणीत नाहीतर गुऱ्हाळावर राबणाऱ्यांचं बीपी कागदावर येणारच नाही. तो किती वाजता घरी येतो तेवढं सांगा, ताई परत येतात.