ट्रॉलीच्या चाकात कोणतं ग्रीस भराल?

खंडेनवमीला ट्रॅक्टर-ट्रॉली धुऊन हार घालायची आपली रीत. यंदा हार घालायच्या आधी ट्रॉली जॅकवर घ्या आणि सगळे हब, म्हणजे चाकाच्या मधले बेअरिंग बसवलेले भाग, उघडून बघा. एकदा गळीत हंगाम लागला की फड ते कारखाना खेपा सुरू होतात, मग हब उघडायला कोणालाच सवड नसते.

पावसाळाभर ट्रॉली बांधावर भिजत उभी असते, नाहीतर चिखलातून वैरण ओढत असते. ऑइल सीलचा रबरी ओठ झिजला असेल तर पाणी थेट बेअरिंगवर जातं. हबची टोपी काढल्यावर ग्रीस ताकासारखं दुधाळ दिसलं, की पाणी शिरलंच म्हणून समजा. अशा वेळी वरून नवं ग्रीस थापून भागत नाही. जुनं सगळं काढायचं, बेअरिंग डिझेलमध्ये ब्रशने धुवायचं, कोरडं करायचं आणि रोलर उजेडात फिरवून बघायचे. टोचे पडलेले किंवा निळसर झाक आलेली दिसली तर ते बेअरिंग गेलं. नवं घालताना आतला कोन (रोलर असलेलं कडं) आणि बाहेरचा कप (ते ज्यात बसतं ते कडं) दोन्ही बदला. जुन्या कपात नवा कोन बसवून वाचवलेले पैसे हंगामात टिकत नाहीत.

ग्रीसच्या बाबतीत मी स्वतः एकदा फसलो आहे. किलोवर मिळणारं सुटं ग्रीस आणलं. पिवळंधमक, घट्ट, बघूनच बरं वाटावं असं. भरल्या ट्रॉलीने रात्री कारखान्याच्या अलीकडेच चाकातून कर्र आवाज काढला. हबला हात लावला तर चटका बसला. ऊस दुसऱ्या ट्रॉलीत टाकेपर्यंत पहाट झाली आणि टोळीच्या शिव्या खाल्ल्या त्या वेगळ्याच.

तेव्हापासून रंग बघून ग्रीस घेत नाही. रंग कारखानदार हवा तो देतो. ग्रीस म्हणजे तेल आणि ते तेल धरून ठेवणारा साबण. आपण विचारायचं ते साबणाचं. साध्या कॅल्शियमचं ग्रीस पाण्याला दाद देत नाही, पण साधारण 60 अंशांपुढे त्याचा भरवसा नाही. सोडियमचं उष्णता सोसतं, पण पाण्यात विरघळतं. शंका असेल तर चिमूटभर तळहातावर घेऊन पाण्याने चोळा. फेसाळून निघून गेलं तर ते चाकाच्या कामाचं नाही. लिथियमचं ग्रीस पाणी आणि उष्णता दोन्ही सोसतं. ते वितळून थेंब पडायला 180 अंशांच्या आसपास जावं लागतं. ट्रॉलीला तेच घ्या. आपल्याकडे दुकानात 'एपी-3' म्हणून मिळतं ते बहुतेक हेच, तरी डब्यावर लिथियम शब्द वाचूनच पैसे द्या. त्यातला 3 हा आकडा घट्टपणाचा आहे, दर्जाचा नाही. निप्पलमधून ग्रीसगनने मारायला 2 नंबर सोपा जातो.

लिथियम कॉम्प्लेक्स हे त्याहून जास्त उष्णता सोसणारं ग्रीस, पण महाग असतं. डिस्क ब्रेकच्या पिकअपला ते घ्यावं, तिथे ब्रेकची धग हबपर्यंत येते. वीसच्या वेगाने चालणाऱ्या ट्रॉलीला कशाला? ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांना मात्र कंपनीच्या पुस्तकात असेल तेच.

दोन जातींची ग्रीसं एकत्र करू नका. लिथियममध्ये सोडियमचं मिसळलं की दोन्ही पातळ होऊन सीलवाटे गळू शकतात.

भरताना सढळ हात नको. तळहातावर ग्रीसचा गोळा घ्या आणि बेअरिंगची रुंद कड त्यावर दाबत राहा, दुसऱ्या बाजूने रोलरांमधून ग्रीस वर येईपर्यंत. बेअरिंग असं गच्च भरा, पण हबची पोकळी तिसरा हिस्सा ते फार तर निम्मी. पोकळी ठासून भरली की ग्रीस घुसळून तापतं आणि सील बाहेर ढकलतं. सील नवंच टाका, त्यात काटकसर नको.

नट चाक फिरवत आवळा, मग जवळच्या भोकापर्यंत थोडा सैल करून नवी स्प्लिट पिन घाला. चाक वर-खाली धरून हलवा: खडखड नको, पण हाताने सहज फिरलं पाहिजे.

पहिली भरलेली खेप निघाली की चार-पाच किलोमीटरवर थांबा आणि सगळ्या हबांना हात लावून बघा. कोमट असलं तर हरकत नाही. एखादाच हब बाकीच्यांपेक्षा जास्त तापला असेल तर त्याचा नट आधी तपासा, बहुतेक वेळा तोच जास्त आवळलेला असतो.