बजेट फोन सारखा हँग होतोय? नवीन घ्यायच्या आधी एवढं बघा

आईचा फोन दोन वर्षांचा, ४ जीबी रॅम ६४ जीबी स्टोरेजवाला. भाजीवाल्यासमोर क्यूआर स्कॅन करायला घेतला की पांढरी स्क्रीन, मागे लोक खोळंबलेले, तिला अगदी कानकोंडं व्हायचं. मी नवीन ऑर्डर करणारच होतो पण आधी बसून नीट बघितलं आणि दहा हजार वाचले, म्हणून सांगतोय.

आधी स्टोरेज बघा. ६४ जीबीतले पंधरा-वीस जीबी तर सिस्टीमच खाते, उरलेलं गुड मॉर्निंगच्या फोटोंनी भरतं, आणि बऱ्याच स्वस्त फोनमध्ये ईएमएमसी मेमरी असते ती मुळातच स्लो, काठोकाठ भरली की प्रत्येक टॅपला अडकणार. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये मॅनेज स्टोरेज आहे, तिथून मोठे व्हिडिओ उडवा, मीडिया ऑटो डाउनलोड बंद करा. आईच्या फोनमधून ११ जीबी निघाले! आठ-दहा जीबी कायम मोकळे राहू द्या.

तरीही अडकतोय तर सेफ मोडमध्ये (यात फक्त फोनबरोबर आलेली ॲप्स चालतात) चालू करून बघा. त्यात नीट चालला म्हणजे नंतर टाकलेल्या कुठल्यातरी ॲपचा घोळ आहे, अलीकडची ॲप्स एकेक करून काढा.

केबल हलली की चार्जिंग तुटतं? एका दुकानात आईला याचसाठी चार्जिंग बोर्ड बदला म्हणून सांगितलं होतं. मी फोन बंद करून टॉर्चच्या उजेडात पोर्टमध्ये बघितलं, लाकडी टूथपिकने हळूच कोरलं तर कणीक आणि कापसाचे धागे दाबून दाबून झालेला चपटा गोळा बाहेर आला (फोन कायम ओट्यावर ना), आणि मग केबल टक्कन बसली. टाचणी मात्र अजिबात घालू नका, आतल्या पिना वाकतात.

बॅटरी. २०-३० टक्क्यांवर फोन अचानक बंद पडत असेल तर बहुतेक तीच गेलीय, साधारण ५०० वेळा फुल चार्ज झाली की तिची ताकद ८० टक्क्यांच्या आसपास येते, म्हणजे रोजच्या वापरात दीड-दोन वर्षं. बॅटरी बदलणं परवडतं, बिनधास्त बदला. पण मागची बाजू फुगलीय किंवा स्क्रीन फ्रेममधून उचलली गेलीय असं दिसलं तर चार्जिंगला लावूच नका, दाबू नका, सरळ दुकानात न्या, आग लागू शकते.

आता कधी सोडून द्यायचा. चांगली बॅटरी टाकूनही आपोआप रिस्टार्ट होतोय, नेटवर्क सारखं जातंय, *#०६# डायल केलं तर आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) येतच नाही, हे आतल्या मुख्य सर्किट बोर्डाचं दुखणं, त्यात पैसे घालू नका, दोन महिन्यांनी परत तेच होतं असा माझा अनुभव आहे. डिस्प्लेचा खर्च नव्या फोनच्या किमतीच्या एक तृतीयांशावर गेला तरी मी नको म्हणेन. आणि सेटिंगमध्ये सिक्युरिटी अपडेटची तारीख बघा, ती दोन वर्षं जुनी असेल आणि फोनवर यूपीआय चालत असेल तर फोन कितीही छान चालू दे, बँकेचं काम दुसऱ्या फोनवर न्या, जुना गाण्यांना ठेवा.

सेकंडहँड घेणार असाल तर KYM लिहून एक स्पेस देऊन आयएमईआय नंबर १४४२२ वर एसएमएस करा, हँडसेट ब्लॉक केलेला असेल तर कळतं, पैसे त्यानंतरच द्या.