पिल्लं यायच्या आधी हळद दळलेली हवी

कोंबडीच्या पिल्लांची गाडी दारात उभी राहिल्यावर खाद्यात मिसळायची हळद शोधायला निघालात तर उशीर झालाच. पंधरा दिवस आधी कामाला लागा. कंपनीशी पक्षी वाढवून द्यायचा करार असेल तर पहिल्यांदा सुपरवायझरला विचारा. खाद्य त्यांचं असतं, त्यात परस्पर काही मिसळू नये.

हळदीची तयार पूड मी घेत नाही. रंग उठावा म्हणून तिच्यात लेड क्रोमेट मिसळल्याची प्रकरणं झाली आहेत, आणि ते शिसं कोंबडीतून शेवटी आपल्याच ताटात येतं. बिनपॉलिशचं हळकुंड आणा, दोन-चार फोडून आत बुरशी नाही ना बघा, मगच गिरणीत द्या. 100 पिल्लं दोन किलोपर्यंत वाढवायला साधारण 350 किलो खाद्य लागतं. किलोमागे 5 ग्रॅम धरले तर पावणेदोन किलो हळद झाली.

हळदीऐवजी लसूण किंवा शेवगा देणार असाल तर लसणाचं ओलं वाटण खाद्यात कालवू नका. ओल धरली की पोत्यात बुरशी, आणि बुरशीचं अफ्लाटॉक्सिन पक्ष्याचं यकृतच खातं. काप कडकडीत वाळवून कुटा. शेवग्याचा पाला सावलीत वाळवा, हिरवा राहिला पाहिजे. पण तिन्ही एकाच बॅचला देऊ नका. गुण कशाचा आला, कळणार कसं?

ग्रॅमचा काटा आणा. 50 किलोच्या पोत्याला 250 ग्रॅम हळद आधी दोन किलो खाद्यात एकजीव करा, मग ते सगळ्या पोत्यात मिसळा. वरून भुरभुरलेली पूड काही पक्ष्यांना जास्त मिळते, काहींना मिळतच नाही.

आणि जाळी विसरू नका. ती लावून शेडचे दोन भाग करा, सारखीच पिल्लं, सारखंच खाद्य. एका बाजूला हळद, दुसरीकडे काही नाही. बहुतेक जण हेच टाळतात, आणि मग पाय पिवळे दिसले की हळद लागू पडली म्हणतात. पाय मक्यानेही पिवळे होतात! दोन्ही बाजूंची वेगळी वही करा: रोजचं खाद्य, रोजची मर, दर आठवड्याला 20 पक्ष्यांचं वजन. एक किलो वजनाला किती खाद्य गेलं, हा आकडा दोन्ही वह्यांत शेजारी ठेवून बघा.

लासोटा (मानमोडी म्हणजे राणीखेत रोगाची लस) आणि गंबोरो रोगाच्या लसीच्या तारखा आजच भिंतीवर लिहा. हळदीने मानमोडी थांबत नाही.